लाल खणाची वाटी

बाई, तुमच्या वाटीतून काहीच ऐकू येत नाही.

तुम्हाला जाऊन बावीस दिवस झाले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, तुमची लेक सासरी परतली, आणि गेल्या सोमवारी घरात पहिल्यांदा पूर्वीसारखी दुपार झाली. मी माजघरात तूर निवडायला बसले. कोनाड्यातल्या दुरडीतून सवयीने दोन्ही वाट्या काढल्या, माझी हिरव्या खणाची आणि तुमची लाल खणाची. काढल्यावर हात थांबला. तुमची वाटी कुठे ठेवावी ते कळेना. परत दुरडीत टाकवेना, समोर नुसती ठेववेना. मग मी ती माझ्याच दुसऱ्या कानाला लावली. गादीला अजून तुमच्या केसांच्या तेलाचा वास होता.

माझ्या वाटीत गाणं वाजत होतं. तुमच्या वाटीत नव्हतं.

मला वाटलं ट्रान्झिस्टरमध्ये पिन नीट बसली नसेल. काढून पुन्हा बसवली. तार हलवून पाहिली. हिरवी वाटी बाजूला ठेवली आणि फक्त लाल कानाशी घट्ट धरली. नुसता बंद कानाचा घूं आवाज, विहिरीत वाकल्यावर येतो तसा. तूर तशीच सुपात राहिली.

दोन दिवस कोणाला बोलले नाही. तिसऱ्या दिवशी यांना सगळं सांगितलं, वाट्यांचं, इतक्या वर्षांच्या दुपारचं, सगळं. हे रागावतील असं वाटलं होतं. हे म्हणाले, "उद्या बुलढाण्याले काम हाय माहं. चाल संग." वाट्या जिथून घेतल्या ते दुकान तेच होतं, मोटारस्टँडजवळचं, आणि दुकानदार चाचाही तेच, फक्त चष्मा जाड झालेला. त्यांनी वाटीवरची गादी उसवली, झाकण फिरवून काढलं आणि आतली तार चिमट्यावर उचलून मला दाखवली. पार हिरवी पडलेली.

मी परक्या माणसाशी बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. तरी विचारलं. "कधीपासून बंद असन?"

"दोन वर्सं तं झालेच, बाई. अन् कायनं झालं तेबी सांगतो. हे पाहा, सुई लागली इथं. गादी शिवताना तारीत सुई गेली. आता पाच मिनिटांत डाग देऊन चालू करून देतो."

मी नको म्हटलं. वाटी पदरात बांधली आणि बाहेर येऊन उभी राहिले. हे पानाच्या दुकानावर गेले होते. रस्त्यावर माणसं येत-जात होती आणि मला फक्त सुई दिसत होती. ती सुई माझीच.

दोन वर्षांपूर्वीच्या तुरीच्या हंगामाआधी तुमची गादी फाटली होती. मीच नवा कापूस भरून शिवली, दुहेरी टाका घातला. तुमच्या कानाला लावून दिली आणि विचारलं, "पाहा बरं बाई, आता बोचते काय?" तुम्ही जरा वेळ तशाच बसल्या. मग म्हणाल्या, "नाही व. मऊ झालं." त्या वेळी त्या वाटीत काहीच वाजत नसणार. तुम्हाला कळलं असणार. आणि तुम्ही म्हणाल्या, मऊ झालं.

त्यानंतर दोन वर्षं तुम्ही रोज दुपारी ती मुकी वाटी कानाला बांधून माझ्याशेजारी बसत राहिल्या. का, हे मला कळत नव्हतं. तुमच्या त्या वाटीवरून मी तुम्हाला एक शब्द बोलले आहे, चार माणसांत, आणि तो परत घेतलेला नाही. आणखी एक आहे. तुम्ही गेल्या त्या दुपारी ती वाटी मी तुमच्या कानाला बांधली होती. तुमची लेक आली तेव्हा तिच्या गळ्यात पडून मी सांगितलं, तुझी आई गाणं ऐकत ऐकत गेली. ती रडायची थांबली होती ते ऐकून.

हे मी लिहून काढते आहे, कारण तोंडाने मला काही नीट सांगता येत नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं. तुमच्या भावाची पत्रं मीच वाचून दाखवायची, आणि वाईट बातमी असली की अडखळायची. तुम्ही म्हणायच्या, "अडकली का समजते मले. वाच पुढं." हे तर कोणी वाचूनही दाखवणार नाही.

मी लग्न होऊन देऊळघाटला आले तेव्हा आत्याबाईंनी, आपल्या सासूबाईंनी, मला थोरल्या जावेच्या, तुमच्या हाताशी दिलं. "हे लहानी. बोलत नाही म्हनतेत. पाहा तुमी." तुम्ही मला वरून खालून पाहिलं आणि म्हणाल्या, "बोलत नाही तं बरंच हाय. मी दोघींचं बोलन." आणि खरंच बोललात. पाहुण्यांनी विचारलं की लहानीला काय आवडतं, तर उत्तर तुमचं. हळदीला, डोहाळजेवणाला बाया गाणी म्हणायच्या तेव्हा मी मागे बसून नुसते ओठ हलवायची. चौथीत असताना गुरुजींनी एकदा उभं करून कविता म्हणायला लावली होती, पोरं हसली, तेव्हापासून चार माणसांत माझा गळा बंदच होतो. एकदा शेजारणीने पकडलं. "हे पाहा, लहानी नुसती मासोळीवानी तोंड हालवून राह्यली!" सगळ्या हसल्या. तुम्ही म्हणाल्या, "तिचा आवाज पोटात हाय. तुमचा बाहीर हाय म्हून तं डोकं दुखते आमचं." मग हसणं दुसरीकडे गेलं.

ट्रान्झिस्टर यांनी आणला तो बातम्या आणि बाजारभावासाठी. सिनेमाची गाणी घरात वाजलेली मामंजींना चालत नसत. रस्त्यावरून जाणारा म्हणेल, यांच्या सुना दिवसभर गाणी ऐकतात. दुपारी मामंजी ओसरीवर आडवे व्हायचे आणि ट्रान्झिस्टर फडताळात मुका बसायचा. त्याच्याबरोबर कानात घालायचं एक बटण आलं होतं. ते तुम्ही शोधून काढलं. पण ते एकीच्याच कानात जायचं, घट्ट बसलं की दुखायचं, सैल केलं की पडायचं. एकदा ते डाळीत पडलं आणि आपण दोघी ते निवडत बसलो होतो, आठवतं? तेव्हा तुम्ही म्हणाल्या, "दोघींचं पायजे. अन् असं पायजे, का शेजारी बसलेल्यालेबी पत्ता लागला नाही पायजे."

आपल्या घरची रीत होती, शेवटच्या वेचणीतला डागी कवडी कापूस बायकांनी विकायचा. त्या वर्षीचा विकून तुम्ही पैसे कनवटीला लावले आणि तुमची दाढ दुखायला लागली. दाढ दाखवायला म्हणून बुलढाण्याला निघालात, मला सोबत म्हणून नेलं.

चाचांच्या त्या दुकानात मी पहिल्यांदा तुम्हाला घाबरलेलं पाहिलं. परका माणूस, आणि कानाला लावून पाहायचं तर पदर डोक्यावरून काढावा लागणार. चाचांनी दोन जोड पुढे ठेवले. एक हलका, चकाकणारा, पाठीला बारीक जाळी. दुसरा काळा, जड, कानाभोवती चामड्याची गोल गादी, पाठ गच्च बंद. लष्कराच्या भंगारातून आलेला.

"मले याच्यातलं काही समजत नाही," तुम्ही म्हणाल्या. "हिच्या कानात वाजलं तं मले आयकू नाही आलं पायजे. असं कोनतं हाय ते द्या."

"मंग जाळीचं घेऊ नोका. त्याचा आवाज अर्धा बाहीरच जाते. हे घ्या. फौजेचं हाय. तोफ फुटली तरी आतल्या मानसाले खबर नाही."

"हे तं जात्याच्या पाळीवानी जड हाय."

"जड हाय म्हूनच स्वस्त हाय, बाई."

मग तुम्ही मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं, स्वतः मागे आलात आणि तुमचा पदर दोघींच्या डोक्यावरून ओढला. त्या पदराच्या आत तुम्ही मला तो जोड लावला. पोलादी पट्टी अंबाड्यात रुतली. कुडीची फिरकी मागून टोचली. मी ओठ चावून उभी. चाचांनी आपला रेडिओ लावला आणि एकदम गाणं माझ्या डोक्याच्या मधोमध आलं, दुकान गेलं, रस्ता गेला. तुम्ही तुमचा कान माझ्या गालापर्यंत आणला. तुमचे ओठ हलताना दिसले, ऐकू काही आलं नाही. मी मान हलवली. तुम्ही जोड काढलात आणि बाहेर तोंड करून म्हणालात, "मले काहीच आलं नाही. बांधा हेच."

घरी गेल्यावर दोन दिवस तुम्हाला गालात कापूस धरून बसावं लागलं आणि आत्याबाईंनी केलेली पेज प्यावी लागली. मी भाकरी चुरून पेजेखाली लपवून द्यायची.

मग आपण त्या जोडाचं बाळंतपण केलं. पोलादी पट्टी काढूनच टाकली. चामड्याने घाम यायचा, ते उसवलं. घरचा सरकी काढलेला कापूस भरून नव्या गाद्या शिवल्या, आतून एवढ्या पोकळ की कान आणि कुडी दोन्ही आत मावावीत. वरून जुन्या चोळ्यांचे खण, तुम्हाला लाल, मला हिरवा. जुन्या लुगड्याचे काठ फाडून बांधायला पट्ट्या केल्या. एकेकीच्या एकेका कानाला एकेक वाटी, वरून पदर. बघणाऱ्याला वाटावं, कान दुखतो म्हणून बांधला आहे. दुकानदार त्याला हेडफोन म्हणाला होता. आपण वाट्या म्हणू लागलो. त्यामुळे मामंजींसमोरही तुम्ही खुशाल विचारायच्या, "लहाने, वाट्या कोठी ठेवल्या व?"

माझ्या दुसऱ्या कानात मी कापसाचा बोळा घालायची, म्हणजे घरातलं भांड्याकुंड्यांचं काही आत येऊ नये, सगळं गाणंच असावं. तुम्ही तुमचा दुसरा कान मोकळा ठेवायच्या. "एक कान घराले पायजे," म्हणायच्या. "मामंजीनं आवाज देल्ला तं कोन उठन?" थोरलेपण तुम्ही असं कानापर्यंत घेतलं होतं आणि मला ते कधी दिसलं नाही. मला वाटायचं, सोपं आहे, तुम्हाला गाण्याची तेवढी आवड नाही.

वेचणीच्या दिवसांत आपण ते शेतातही नेलं. ट्रान्झिस्टर माझ्या ओटीत, कापसाखाली. तार चार हात. तुमची पात आणि माझी पात शेजारी, आणि दोघींनी एका पावलाने चालायचं, नाहीतर पिन निघायची. तुमचा हात माझ्याहून दुप्पट चालायचा, तरी तुम्ही माझ्या बरोबरीने बोंड बोंड करत यायच्या. मजुरीच्या बाया मागून टोचायच्या. "काय व, एका दाव्याच्या गाई काय दोघी जावा?" तुम्ही न वळता म्हणायच्या, "हाव, एकाच खुंट्याले बांधेल आहो. तुले काऊन वैरन कमी पडली?" त्या वेळी तुमची वाटी बोलत होती. मला ते पक्कं माहीत आहे, कारण गाणं संपलं की तुम्ही काहीतरी बोलायच्याच. ही बाई नाकात गाते. याचा आवाज आपल्या जावईबापूवानी, पोट भरल्यावरचा. मी हसून वाकले की पिन निघायची.

ते बोलणं पुढे थांबलं. कधी थांबलं हे मी आत्ता बसून आठवते आहे. माझ्या सुईनंतरच ते थांबलं. मला तेव्हा वाटलं, बाईंचं वय झालं, थकतात.

एक दुपार आठवते. मी मान वर केली तर तुमच्या हातातली तूर थांबलेली, डोळ्यांत पाणी. रेडिओवर तेव्हा लग्नाचं गाणं होतं, उडतं, वाजंत्रीचं. मी बोळा काढला आणि हसले. "बाई, लगनाच्या गान्याले कोनी रडते काय?" तुम्ही डोळे पुसले. "आवाज चांगला लागला व," म्हणालात. "तू आयक. थांबू नोको." मी म्हटलं, मी कुठे थांबले, मी तर ऐकतेच आहे.

आता तो शब्द लिहिते.

गेल्या वर्षी महालक्ष्म्यांना ताई माहेरी आल्या होत्या. त्या आपल्या नणंद, पण आपल्यातल्याच, त्यांना वाट्यांचं माहीत होतं. दुपारी त्यांनी तुमची वाटी मागितली. "घडीभर द्या ना वहिनी. मीबी आयकतो." तुम्ही वाटीवर हात ठेवला आणि म्हणालात, "लहानीची घ्या. माही नाही देत." ताईंचं तोंड एवढंसं झालं. पाहुणी माहेरवाशीण, वर्षातून एकदा येणार, आणि तुम्ही एक वाटी देईनात. मी शरमले. आणि जी मी कधी चार शब्द बोलत नाही, ती त्या दिवशी बोलले. "राहू द्या ताई. बाईले गान्यातलं काही समजत नाही, कोनतं लागलं होतं तेबी सांगता येत नाही. उगाच वाटी अडवून बसतेत, हंड्यावरच्या नागावानी."

ताई हसल्या. शेजारच्या दोघी होत्या, त्याही हसल्या. तुम्हीही हसलात. "हाव व. नाग तं नाग. पन वाटी नाही देत."

तुम्ही वाटी दिली असती तर ताईंना कळलं असतं, ती मुकी आहे. मला कळलं असतं, माझ्याच सुईने झाली. हे आता समजतं. त्या दिवशी मला फक्त एवढं वाटलं होतं की मी एकदाचं मनातलं बोलले, आणि बरं वाटलं होतं, बाई. हे तुमच्यापासून लपवून काय करू.

मग तुमचे डोळे पिवळे झाले. आधी झाडपाला झाला, मग बुलढाण्याचा दवाखाना झाला, मग पोटात पाणी झालं आणि डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. तुमची खाट माजघरातच टाकली. मी ठरवलं, तो शब्द तुमच्या पाया पडून परत घ्यायचा. रोज दुपारी वाट्या घेऊन यायची ते हेच ठरवून. तुम्ही डोळे उघडले की धीर जायचा. वाटायचं, आज गाणं ऐकू द्यावं, उद्या बोलू.

त्या शेवटच्या दुपारी मी लाल वाटी तुमच्या कानाला लावली आणि पट्टी सैल बांधली, गाल सुजले होते म्हणून. विचारलं, "येते काय आयकू?" तुम्ही हात हलवून माझी वाटी दाखवलीत, बांध म्हणून. मी म्हटलं, "मी नाही आयकत आज. तुमी आयका." तुम्ही मान हलवून नाही म्हणालात आणि एवढंच बोललात, "तू बांध. मंग मले येते."

मी बांधली. दुसऱ्या कानात बोळा घातला, सवयीने. खाटेला टेकून खाली बसले, तुमचा हात माझ्या खांद्यावर होता. किती गाणी झाली मला माहीत नाही. हात जड झाला तेव्हा मला वाटलं, झोप लागली.

बुलढाण्याहून परतले तेव्हा आत्याबाई ओसरीच्या आतल्या दारात बसून वाती वळत होत्या. मामंजी बाहेर गेले होते. आत्याबाईंनी मान वर केली. "काऊन व, मोटार लागली काय? तोंड उतरलं तुहं."

मी पदराची गाठ सोडली आणि लाल वाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. तोपर्यंत त्यांच्यासमोर मी कधी वाट्यांतल्या गाण्याचं काढलं नव्हतं.

"आत्याबाई, बाईची वाटी दोन वर्सापासून मुकी होती. माह्या सुईनं. त्या रोज तशाच बसत होत्या. अन् मी त्यायले नाग म्हनलं."

"माहीत हाय मले."

"नाग म्हनलं ते?"

"तेबी. अन् वाटी मुकी हाय तेबी. तिनंच सांगतलं. पहिल्या दिवशीच आली माह्यापाशी. म्हने, आत्याबाई, माह्या वाटीतलं गानं गेलं. मी म्हनलं, मंग सांग लहानीले, शिवते थे नीट. तं म्हने, सांगनारच होती. पन गानं गेलं अन् हिचं आयकू याले लागलं."

"माहं? माहं काय?"

आत्याबाईंनी हातातली वात खाली ठेवली.

"तू गाते व."

मी म्हटलं, मी नाही गात.

"गाते. थे कानाले लागलं का गाते. दुसऱ्या कानात कापूस कोंबून बसते, तुले काय समजते? पहिले रेडिओच्या आवाजात तिलेबी समजलं नव्हतं. तिची वाटी मुकी झाली तवा समजलं. साऱ्या माजघराले आयकू येते. मी इथं वाती वळत बसतो, ते काय तुमाले राखाले? तुहं आयकाले."

माझे कान तापले. मी विचारलं, मला का सांगितलं नाही कोणी.

"तिनं शपथ घातली मले. म्हने, थे लाजाळू हाय. सांगतलं तं जलमात तोंड उघडनार नाही. वाटीचंबी सांगू नोका, नाहीतं दुरुस्त करन. राहू द्या अशीच." आत्याबाईंनी मामंजींच्या रिकाम्या खाटेकडे पाहिलं. "एक डाव त्यायच्या कानावर गेलं. ओसरीतून इचारलं, कोन गाऊन राह्यलं घरात? थे उठली, पदर सारका केला, दारात उभी राह्यली. मी गात होती मामंजी, चुकलं, म्हने. अर्धा घंटा बोलनं खाल्लं तिनं. चाळीस वर्साची बाई, नातवाची आजी होनार, अन् मान खाली घालून उभी."

ती दुपार मला आठवते. तुम्ही आत आल्या, पट्टी पुन्हा बांधली. मी बोळा काढून विचारलं, काय झालं. तुम्ही म्हणालात, "काही नाही. पानी मांगत होते."

बाई, मी भांडणार आहे तुमच्याशी. माझ्यासाठी गाणं सोडायला मी सांगितलं नव्हतं. दोन वर्षं तुम्ही काय ऐकलंत, मला माहीतसुद्धा नाही. तुमच्या वाटीचं एवढं जपलंत, आणि मला एकदा, फक्त एकदा, खाटेवर पडल्यावर तरी सांगायचं होतं. तुम्ही म्हणाल, सांगितलं असतं तर तू गप्प झाली असती. झाले असते. तरी सांगायचं होतं. मग मी तुमच्या पाया पडले असते आणि तो शब्द परत घेतला असता. आता कोणाच्या पाया पडू? तुमच्या लेकीला मी खोटं सांगितलं नाही, एवढं एक मला मिळालं. तेही तिला कसं समजावून सांगणार? पत्रात मला ते लिहिता येत नाही. तीनदा कार्ड घेतलं आणि ठेवलं.

चार दिवस मी वाट्यांना हात लावला नाही. आत्याबाई दुपारी दाराशी बसायच्या, वाती वळायच्या, माझ्याकडे बघायच्या नाहीत. काल म्हणाल्या, "वाती झाल्या दोन वर्साच्या. आता काय वळू?"

आज दुपारी तूर घेऊन बसले. ट्रान्झिस्टर लावला नाही. हिरवी वाटी दुरडीतच राहू दिली. लाल वाटी डाव्या कानाला बांधली, तुमच्यासारखी, आणि दुसरा कान मोकळा ठेवला, बोळा न घालता. तुम्ही जिथे बसायच्या तिथे बसले. मला ऐकायचं होतं, तुम्ही काय ऐकत होत्या ते.

बराच वेळ आवाजच निघेना. तोंड उघडलं की गुरुजींचा वर्ग समोर. सुपातली तूर नखाने पुढे ढकलत राहिले. मग गेल्या हंगामात रोज लागायचं त्या गाण्याची पहिली ओळ, अगदी बारीक. ती माझ्या मोकळ्या कानात आली आणि मी दचकले. आवाज पातळ आहे माझा. वर जाताना फाटतो. शब्द मध्ये गाळते मी. बाई, फार काही चांगला नाही हो. यासाठी तुम्ही मामंजींसमोर मान खाली घालून उभ्या राहिलात?

दाराशी आत्याबाई हलल्या नाहीत. ओसरीवर मामंजींची खाट करकरली. ते उठून बसले असावेत. मला वाटलं, आता हाक येईल. मी सूप घट्ट धरलं आणि गात राहिले.

"थोरली गाऊन राह्यली," मामंजी म्हणाले. रागाने नाही, झोपेतून उठल्यावर माणूस बोलतो तसं. मग त्यांना आठवलं असावं. खाट पुन्हा करकरली. मग हळू आवाजात, "आवाज तं तिचाच हाय."

आत्याबाईंनी पुढची वात वळायला घेतली.

पुढचं कडवं मला येत नव्हतं, बाई. मी पहिलंच पुन्हा म्हटलं. ते झाल्यावर परत तेच म्हटलं.